शेजार पेटला तेव्हा



शेजार चांगला असावा असे आपण सगळेच म्हणतो, पण शेजार निवडता कुणाला येतो? वावराचा शेजारी बापजाद्यांच्या वाटणीने मिळतो. त्याच्या घरात भाऊबंदकी पेटली, तो कोर्टकचेरीत अडकला, की त्याची झळ आपल्याला लागतेच. सामायिक पाणंद अडते, विहिरीची पाळी चुकते, पंचनाम्यात साक्षीदार म्हणून आपलेही नाव जाते. आपण कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, तरी ऐन मृगात आपली पेरणी चार दिवस लांबते.

देशांचेही अगदी असेच असते. एखादा देश गरीब का राहिला आणि दुसरा वर कसा आला, याचा विचार करताना आपण त्या देशातली जमीन बघतो, पाऊस बघतो, खाणी बघतो. पण त्याच्या बांधाला कोण आहे, तिथे काय जळत होते, आणि ते जळत असताना घरच्या कारभाऱ्याने काय केले, हे बघायचे राहून जाते. आज तुम्हाला आफ्रिकेतल्या दोन शेजाऱ्यांची गोष्ट सांगायची आहे. एक झांबिया आणि दुसरा बोट्सवाना. दोघांच्याही शेजाराला एकाच वेळी आग लागली होती. दोघांचे पुढे काय झाले ते ऐका.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. आफ्रिका खंडाच्या अगदी खालच्या टोकाला दक्षिण आफ्रिका. तिच्या डोक्यावर बोट्सवाना. बोट्सवानाच्या उत्तरेला झांबेझी नावाची मोठी नदी, आणि नदीपलीकडे झांबिया. बोट्सवानाच्या पूर्वेला आजचा झिंबाब्वे, ज्याला तेव्हा ऱ्होडेशिया म्हणत. पश्चिमेला आजचा नामिबिया, जो 1990 पर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता. झांबियाच्या एका अंगाला अंगोला, दुसऱ्या अंगाला मोझांबिक. बोट्सवाना आणि झांबिया या दोघांनाही समुद्रकिनारा नाही. म्हणजे यांच्या मालाला बाजारात जायचे तर दुसऱ्याच्या बांधावरूनच गाडी न्यावी लागणार.

आता आग कसली ते पाहा. ऱ्होडेशियात शंभरात पाचच्या आसपास गोरे लोक. पण चांगल्या काळ्या जमिनीचा मोठा वाटा त्यांच्याकडे आणि राज्यही त्यांचेच. ब्रिटिश सरकार काळ्या बहुसंख्याकांना मताचा हक्क देण्याची भाषा करू लागले, तेव्हा इयन स्मिथ यांच्या गोऱ्या सरकारने 11 नोव्हेंबर 1965 रोजी स्वतःच स्वातंत्र्य जाहीर करून टाकले. त्यातून जे युद्ध उभे राहिले ते 1979 च्या डिसेंबरपर्यंत चालले. अंगोला आणि मोझांबिक पोर्तुगालच्या अमलाखाली होते, तिथेही लढाई चालू होती. 1975 मध्ये पोर्तुगीज गेले, पण अंगोलात लगेच आपसातले युद्ध पेटले. आणि दक्षिण आफ्रिकेत तर गोऱ्यांचे वर्णद्वेषी राज्य 1994 पर्यंत टिकले. चहूबाजूंनी वणवा आणि मध्ये हे दोघे नवे संसार मांडून बसलेले.

यातला झांबिया हा खाऊनपिऊन सुखी घरचा. 24 ऑक्टोबर 1964 रोजी तो स्वतंत्र झाला तेव्हा तांब्याच्या मोठ्या खाणी त्याच्याजवळ होत्या. परदेशी विक्रीतून जे शंभर रुपये येत, त्यातले नव्वदहून अधिक तांब्याचे. केनेथ काउंडा हे पहिले राष्ट्राध्यक्ष. शिक्षकी पेशातून आलेले, गांधीजींच्या विचारांचा पगडा असलेले. पण त्या तांब्याची आगगाडी समुद्राकडे जायची ती ऱ्होडेशियातून. कोळसा तिकडून, तेल तिकडून, यंत्रे तिकडून.

काउंडांनी ठरवले, की ऱ्होडेशियातल्या अन्यायाशी तडजोड नाही. स्मिथ यांच्या सरकारवर जगाने व्यापारबंदी घातली, तेव्हा तिची सर्वांत मोठी किंमत ज्या देशाला पडणार होती, त्यानेच ती पाळायची ठरवली. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना झांबियाने आसरा दिला, तळ दिले. मग तेलासाठी 1968 पर्यंत थेट टांझानियातल्या दारेसलाम बंदरापासून पाइपलाइन टाकावी लागली. जानेवारी 1973 मध्ये ऱ्होडेशियाने सरहद्द बंद केली. पुढे त्यांनी ती उघडायची तयारी दाखवली, तर काउंडा म्हणाले, आता आम्हीच उघडत नाही. चीनच्या मदतीने दारेसलामपर्यंत 1,860 किलोमीटरचा लोहमार्ग 1975 मध्ये पुरा झाला. पण त्याच साली अंगोलातून समुद्राकडे जाणारी दुसरी आगगाडी तिथल्या युद्धामुळे बंद पडली, आणि त्याच सुमारास जगाच्या बाजारात तांब्याचा भाव कोसळला. म्हणतात ना, दुष्काळात तेरावा महिना.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1978 च्या ऑक्टोबरात काउंडांना शेवटी दक्षिणेकडची वाट पुन्हा उघडावी लागली, आणि त्यामागचे जवळचे कारण होते खत. तिकडे पेरणी नोव्हेंबरच्या पावसावर होते. खत दारेसलामच्या बंदरात अडकून पडलेले, नवा लोहमार्ग इतका माल ओढू शकेना. खत आले नाही तर मका नाही, आणि मका नाही तर खायला काही नाही. पाच वर्षे ताठ राहिलेला बाणा खताच्या पोत्यापुढे वाकला. मंडळी, यात काउंडांना हसण्यासारखे काहीही नाही. दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी आपल्या पोटाला चिमटा घेणारे राज्यकर्ते जगात फार थोडे झाले. त्याबद्दल त्या भागातले लोक आजही त्यांचे नाव आदराने घेतात.

पण घरातल्या कारभाराचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तांब्याचा भाव चढा होता तेव्हा बाजूला फारसे काही ठेवले गेले नाही. भाव पडला तेव्हा तो परत चढेल या आशेवर कर्ज काढले गेले. तो लवकर चढला नाही आणि व्याज मात्र चढत गेले. शहरातल्या कामगाराला मक्याचे पीठ स्वस्त मिळावे म्हणून दर बांधलेले, आणि तो तोटा सरकारी तिजोरीतून भरून काढायचा. तिजोरी रिकामी झाली तेव्हा डिसेंबर 1986 मध्ये पिठाचा भाव एकदम वाढवला. तांब्याच्या खाणींच्या गावांत दंगली उसळल्या, माणसे मेली आणि भाव परत खाली आणावा लागला. त्याआधीच, 1972 च्या अखेरीस, देशात एकच पक्ष राहील असा कायदा झाला होता. बाहेर युद्ध असताना घरात फाटाफूट नको, हे त्याचे कारण सांगितले गेले. पण त्यामुळे झाले काय, की हिशेब विचारणारे तोंडच बंद झाले. चुकीला चूक म्हणणारा कुणी उरला नाही. 1991 मध्ये पुन्हा अनेक पक्षांची निवडणूक झाली, काउंडा हरले, आणि मुकाट्याने खुर्ची सोडून घरी गेले. हा त्यांचा मोठेपणा. पण तोवर खाऊनपिऊन सुखी घर कर्जात बुडाले होते.

आता दुसऱ्या घरी या.

बोट्सवाना 30 सप्टेंबर 1966 रोजी स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक होता. विस्तार आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीला थोडा कमी, पण बहुतेक सारे कालाहारीचे वाळवंट आणि वस्ती पाच-सहा लाखांची. पाऊस बेभरवशाचा. स्वातंत्र्याच्या आधीची काही वर्षे तर सलग दुष्काळ पडला आणि लाखो गुरे तडफडून मेली. डांबरी रस्ता म्हणावा असा साऱ्या देशात दहा-बारा किलोमीटर. पदवीधर दोन डझनांच्या आत. सरकार चालवायच्या खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग ब्रिटनच्या मदतीवर. राजधानीसुद्धा आधी देशाच्या हद्दीबाहेर, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग गावात होती. ती आणण्यासाठी गॅबोरोन हे गाव माळावर नव्याने वसवावे लागले. देशातून जाणारी एकुलती एक आगगाडी ऱ्होडेशियाच्या रेल्वेची, आणि चलन दक्षिण आफ्रिकेचे. लोकांजवळ होती ती फक्त गुरे. शेजारच्यांना वाटले, हा संसार वर्षभरही टिकणार नाही.

तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा. हे बामांग्वाटो या मोठ्या जमातीच्या गादीचे वारस. विलायतेत शिकत असताना 1948 मध्ये त्यांनी रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केले. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेला हे खपेना. तिच्या दडपणाखाली ब्रिटिश सरकारने त्यांना आपल्याच मुलुखात यायला बंदी केली. गादीवरचा हक्क सोडल्यावर 1956 मध्ये ते साधे नागरिक म्हणून परत आले. शेजारच्या घरातली आग आपल्या उंबऱ्यात कशी येते, हे या माणसाने स्वतःच्या संसारात भोगले होते. त्यांचे उजवे हात क्वेट मासिरे. ते मुळात पक्के शेतकरी, उत्तम शेतीबद्दल सरकारी प्रमाणपत्र मिळवलेले. पुढे तेच अर्थमंत्री झाले आणि 1980 मध्ये खामा वारल्यावर राष्ट्राध्यक्ष.

या दोघांपुढचा पहिला प्रश्न होता, शेजारच्या आगीशी कसे वागायचे? त्यांनी अशी रेघ ओढली. ऱ्होडेशियातून, दक्षिण आफ्रिकेतून जीव घेऊन पळून येईल त्याला आसरा द्यायचा, हाकलायचे नाही. वर्णद्वेष वाईट आहे हे जगाच्या व्यासपीठावर उघड सांगायचे. दक्षिण आफ्रिकेशी वकिलातींची देवाणघेवाण करायची नाही. पण आपल्या भूमीवरून कुणाला लढाई करू द्यायची नाही, आणि जिच्या वाटेने मीठ-मिरची येते ती वाट तोडायची नाही. काहींनी याला भ्याडपणा म्हटले. काहींनी शहाणपण म्हटले. तुम्हीच विचार करा, शेजारी दांडगा आहे, अन्यायी आहे, पण पाणंद त्याच्या वावरातून जाते. अशा वेळी तुम्ही काय केले असते?

एवढी सावध पावले टाकूनही झळ चुकली नाही. स्वातंत्र्यानंतर तब्बल अकरा वर्षे बोट्सवानाने सैन्यच ठेवले नव्हते. तो पैसा शाळा, दवाखाने आणि विहिरींकडे जाई. पण ऱ्होडेशियाचे सैनिक वारंवार हद्दीत घुसू लागले, तेव्हा 1977 मध्ये नाइलाजाने सैन्य उभे करावे लागले. आणि वर्षही झाले नाही तोच, 27 फेब्रुवारी 1978 रोजी लेसोमा गावाजवळ दबा धरून बसलेल्या ऱ्होडेशियाच्या सैनिकांनी बोट्सवानाचे 15 जवान मारले. पुढे 14 जून 1985 च्या पहाटे दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने थेट राजधानी गॅबोरोनमध्ये घुसून झोपेतली 12 माणसे ठार केली. निर्वासितांचे लोंढे येतच होते. त्यांच्यासाठी डुक्वी येथे मोठी छावणी उभारावी लागली.

आणि गुरांचे काय? ऱ्होडेशियात युद्धामुळे गावोगावचे गोचीड मारायचे औषधी हौद बंद पडले. गुरांचे डॉक्टर खेड्यात जाईनासे झाले आणि लाखो जनावरे रोगाने गेली. गुरांच्या दवाखान्याला टाळे लागले, की रोगाला कुणी आवरत नाही. तो सरहद्दीची पाटी वाचून थांबतही नाही. 1977 मध्ये बोट्सवानातही लाळ्या-खुरकूत आला आणि युरोपात मांस पाठवणे बंद पडले. ज्या देशात घरटी पैसा गुरांचाच, तिथे हा घाव केवढा असेल! पण सरकार हातावर हात ठेवून बसले नाही. फ्रेंचांच्या मदतीने गॅबोरोनमध्येच लस तयार करणारी संस्था काढली. आज ती शेजारच्या देशांनाही लस विकते.

दुसरा प्रश्न पैशाचा. 1967 मध्ये ओरापा गावाजवळ हिरे सापडले. आता गंमत पाहा. ही जमीन बामांग्वाटोंची, म्हणजे खामांच्या स्वतःच्या जमातीची. जुन्या रिवाजाप्रमाणे जमिनीखालच्या धनावर त्या जमातीने हक्क सांगितला असता तर कुणी नवल केले नसते. पण त्याच वर्षी कायदा झाला, की जमिनीखालचे जे काही निघेल ते साऱ्या देशाचे. आपल्या भाऊबंदांच्या वावरात धन निघत असताना ते गावाच्या नावावर करणारा पाटील तुम्ही किती पाहिले आहेत? आफ्रिकेत कित्येक देश खनिजांच्या वाटणीवरून आपसात लढून मेले. इथे ते भांडण उगवायच्या आधीच खुडले गेले.

खाण 1971 मध्ये सुरू झाली. आरंभी सरकारचा वाटा लहान होता. 1975 मध्ये कंपनीशी पुन्हा बोलणी करून तो निम्म्यावर आणला. आलेला पैसा कशावर खर्च करायचा, याची योजना लोकसभेत मंजूर व्हायची आणि योजनेबाहेर सहसा जायचे नाही असा दंडक. चार पैसे बाजूला ठेवायचे, हेही ठरलेले. त्याचा उपयोग लवकरच झाला. 1981 मध्ये हिऱ्यांचा बाजार पडला, कित्येक महिने विक्रीच नाही. साठवलेली गंगाजळी होती म्हणून घर चालले. पाठोपाठ 1982 पासून 1987 पर्यंत दुष्काळ. पेरले ते करपले, पण माणसे भुकेने मेली नाहीत. शाळेत मुलांना जेवण, गावात धान्य आणि धडधाकट माणसाला कामावर मजुरी.

हे ऐकून तुम्हाला काही आठवले का? 1972 च्या दुष्काळात आपल्याकडे लाखो माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव बांधले आणि त्यावर चुली पेटल्या. त्यातूनच पुढे आपली रोजगार हमी योजना पक्की झाली. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञांनी भुकेवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात दुष्काळ पडूनही भूकबळी टाळल्याचे दाखले म्हणून महाराष्ट्र आणि बोट्सवाना हे दोन्ही आलेले आहेत.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. बोट्सवानात गावोगावी एक बैठक असते, तिला कगोत्ला म्हणतात. आपल्या चावडीसारखीच, झाडाखाली किंवा लाकडाच्या कुंपणाआड भरणारी. तिथे सरदाराने किंवा मंत्र्याने आपले म्हणणे मांडायचे आणि कुणीही उठून उलटे विचारायचे. 1991 च्या जानेवारीत माऊन गावी असे झाले, की सरकारने तिथल्या ओकावांगो पाणथळीतून पाणी नेण्यासाठी नदी खोदायचे ठरवले होते. मंत्री बैठकीला आले. शेतकरी, कोळी, म्हातारे एकामागून एक उठले आणि म्हणाले, ही नदी आमची आई आहे, तिला खरवडू नका. सरकारने काम थांबवले आणि नंतर योजना सोडूनच दिली. सरकार प्रत्येक वेळी असे ऐकत होते असे नाही. पण विचारायची जागा शाबूत होती. शेजारी युद्ध चालू होते तेव्हाही तिथे दर पाच वर्षांनी निवडणुका होत राहिल्या, विरोधी पक्ष बोलत राहिले.

आणि लोकांनी नुसते विचारलेच नाही, दिलेसुद्धा. 1975 मध्ये लेसोथो या देशाने तिघांचे मिळून असलेले विद्यापीठ एकाएकी आपल्याकडे ठेवून घेतले. बोट्सवानाची मुले रस्त्यावर आली. मग खामांनी हाक दिली, ‘मोथो ले मोथो कगोमो’, म्हणजे माणशी एक जनावर. ज्याच्या दावणीला गुरे होती त्याने गाय-बैल दिला. ज्याच्याकडे नव्हते त्याने धान्य दिले, कोंबडी दिली, अंडी दिली. गुरे विकून त्या पैशातून विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहिल्या. आजही गॅबोरोनच्या विद्यापीठात बैल पुढे घालून चाललेल्या माणसाचा पुतळा आहे. शेतकऱ्याच्या गोठ्यातून निघालेले विद्यापीठ! याच सुमारास, 1976 मध्ये, त्यांनी दक्षिण आफ्रिकेचे चलन सोडून स्वतःचे चलन काढले. त्याला नाव दिले ‘पुला’. त्यांच्या भाषेत पुला म्हणजे पाऊस. ज्याला पावसाची किंमत कळते तोच पैशाला असे नाव देईल.

1994 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अतिमागास देशांच्या यादीतून बोट्सवानाचे नाव निघाले. त्या यादीतून वर येणारा तो जगातला पहिला देश.

आता तुम्ही म्हणाल, यात नशिबाचा भाग नाही का? आहे ना! एकाचे तांबे पडले आणि दुसऱ्याचे हिरे चढले. एकाच्या अंगणात लढवय्यांचे तळ होते, म्हणून बॉम्ब जास्त पडले. बोट्सवानाला सावध राहता आले, याचे एक कारण हेही आहे, की लढ्याचे ओझे झांबियासारख्यांनी उचलले होते. शेजारची आग विझली ती सगळ्यांच्या कामी आली. हे कर्ज पैशात मोजता येत नाही.

आणि बोट्सवानातही सगळे गोडच आहे असे समजू नका. कालाहारीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बसार्वा या वनवासी लोकांना सरकारने 1997 आणि 2002 मध्ये त्यांच्या रानातून हलवले. शेवटी 2006 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. एड्सने तर घरेच्या घरे ओस पाडली. 2002 पासून सरकारने फुकट औषध देऊन ती लाट आवरली. गरीब-श्रीमंतांतली दरी मोठी आहे आणि तरुणांच्या हाताला काम कमी आहे. शेजारही पुन्हा तापला. झिंबाब्वेत 2000 नंतर कारभार ढासळला, पैशाचा कागद झाला आणि तिथली माणसे पोटासाठी सरहद्द ओलांडू लागली.

सर्वांत मोठी चूक मात्र आपल्याला चांगलीच ओळखीची आहे, एकाच पिकावर विसंबण्याची. गेल्या काही वर्षांत यंत्रात बनवलेले हिरे बाजारात आले. त्यातले पुष्कळसे आपल्याच सुरतेत तयार होतात. खाणीतल्या हिऱ्यांचा भाव पडला आणि बोट्सवानाची तिजोरी आटू लागली. लोकांनी 2024 च्या ऑक्टोबरात 58 वर्षे सत्तेत असलेल्या पक्षाला मतपेटीतून घरी बसवले. जुन्या अध्यक्षांनी हार मान्य केली, ड्यूमा बोको हे नवे अध्यक्ष झाले, आणि गोळी काही सुटली नाही. खाण आटली तरी ही सवय आटली नाही, हे काही थोडे नाही.

मंडळी, शेवटी एक पूल दाखवतो. झांबिया आणि बोट्सवाना यांची हद्द कझुंगुला गावाजवळ झांबेझी नदीत इतकी थोडी भिडते, की दीडशे मीटरच्या आसपास. पूर्वी तिथे मालमोटारी तराफ्यावर चढवून पलीकडे नेत. 1979 मध्ये ऱ्होडेशियाच्या सैनिकांनी तो तराफाच बुडवला होता. आता तिथे 923 मीटरचा पक्का पूल आहे, 10 मे 2021 रोजी तो खुला झाला. पण हा पूल सरळ नाही, कमानीसारखा वळत गेला आहे. सरळ बांधला असता तर तो झिंबाब्वेच्या हद्दीत शिरला असता, आणि झिंबाब्वे त्या वेळी या कामात सामील नव्हता. मग दोघांनी पूलच वळवला, पण बांधायचे सोडले नाही.

शेजाऱ्याचा बांध सरळ करणे आपल्या हाती नसते. पण आपल्या घरातले धन कुणाच्या नावावर आहे, सुगीत किती बाजूला ठेवले जाते, आणि कारभाऱ्याला चावडीवर उभे करून हिशेब विचारता येतो की नाही, हे तीन प्रश्न आपल्याच हातातले आहेत. पुढच्या वेळी शेजारच्या देशांतल्या लढाईची बातमी ऐकली, आणि ‘बाहेर संकट आहे, आता घरात प्रश्न विचारू नका’ असे कुणी म्हणू लागले, तर झांबियाच्या खताची पोती आठवा. आणि माऊनच्या बैठकीत उठून उभे राहिलेले ते म्हातारेही आठवा.

बरे, येतो. पुढच्या आठवड्यात भेटूच.